चौदाव्या सोमवारचा नट

नवनाथने माझं नाव पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते असं — ‘नाव सांगत नाही’.

श्रावणातला सोमवार होता. मलेरियाच्या तपासणीला तो आमच्या गल्लीत आला आणि दारात नेमकी मीच उभी. बोटाला सुई टोचून त्याने काचेवर थेंब घेतला. ‘नाव?’ मी गप्प. ‘वय?’ मी गप्प. त्याने मान खाली घालून लिहून टाकलं. तेवढ्यात आतून आई आली. ‘सरिताचे सोळा सोमवार आहेत. दिवा लागेपर्यंत मौन असतं तिचं.’ त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि त्याचे कान लाल झाले.

आमच्याकडचं मौन कडक. लिहायचं नाही, खूणही करायची नाही. खूण केली की अर्धं बोलणं झालंच, असं आई म्हणायची. मोडलं तर सोळाच्या सोळा पहिल्यापासून. चांगलं स्थळ मिळावं म्हणून आईनेच मला ते व्रत धरायला लावलं होतं. मी मात्र पिंडीवर बेल वाहताना काही मागत नसे. मागायचा संकोच वाटायचा.

तपासणीची फेरी पंधरा दिवसांची. तो मात्र दर सोमवारी यायचा, आणि मधल्या वारीही काहीतरी निमित्त काढून.

‘इतर वारी तुम्ही माझं बोलणं सुधारत बसता, बाई,’ तो म्हणायचा. मी घरी शिकवण्या घ्यायची, म्हणून मुलांसारखं तोही मला बाईच म्हणे. ‘आम्ही चाळीसगावकडचे, असंच बोलतो. सोमवारी कसं, माझं सगळं बरोबर असतं.’

मी ओठ मिटून हसू आवरायची. हसायला व्रतात मनाई नव्हती — पण आई दारातच असायची.

कार्तिक उजाडला, आणि चौदाव्या सोमवारी तो सकाळीच आला. हसत नव्हता. त्याची नोकरी हंगामी. खानवेलकडचे डोंगरातले पाडे फिरायला ज्याच्याकडे स्वतःची गाडी असेल त्यालाच कायम करणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. मंगळवारी दहा वाजता गाडी दाखवायची. नाही दाखवली तर जागा दुसऱ्याला, आणि हा परत चाळीसगावला... कायमचा.

आमच्या मागच्या अंगणात बाबांची मोटारसायकल होती. बाबा गेल्यापासून चार पावसाळे ती ताडपत्रीखाली उभी, आणि आईने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. नवनाथने ती मागितली तेव्हा आईने जाऊन ताडपत्रीचं टोक सारखं केलं.

‘दिवेलागणीपर्यंत सुरू झाली तर घेऊन जा,’ शेवटी ती म्हणाली. ‘ह्यांची गाडी ढकलत नेलेली मला बघवायची नाही. नाही झाली, तर परत विचारू नकोस.’

दुपारपर्यंत त्याने टाकी धुतली, प्लग घासला, कार्बोरेटर साफ केला. मग ऑइलचं झाकण उघडून आत काडी घातली. काडीला ताकासारखं पांढुरकं काहीतरी लागून आलं. इंजिनात पाणी गेलं होतं. ते काढल्याशिवाय किक मारली असती तर इंजिन जागीच जाम झालं असतं. आणि ते काढायचा एकच रस्ता — इंजिनच्या पोटाखालचा नट. तो गंजून असा बसला होता की जणू चेंबरचाच, त्या ऑइलच्या भांड्याचाच भाग.

‘मिस्त्री तिकडे दादरा गावी एका ट्रकवर अडकलाय,’ नवनाथ म्हणाला. ‘पाने तेवढे दिले त्याने. बाकी देवावर.’

मी आतून रॉकेलची बाटली आणून ठेवली. मीठ भाजलं, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि नटाभोवती शेकायला दिली. बाबा असंच करायचे. चेंबर तापला की नटाची पकड सैल होते. लहानपणी त्यांना पाने देणारी मीच होते. काम करायला मौन आड येत नाही.

‘मोटारसायकलला पण शेक देता का तुम्ही?’ तो म्हणाला. ‘मग मला कुठे दुखतंय ते सांगू का?’

मी पुरचुंडी त्याच्या हातावर जरा जोरातच ठेवली. ‘आई गं...’ करून तो हात झाडत राहिला.

चार वाजले. पाना दोनदा निसटला, त्याच्या बोटांची सालं निघाली. पाचला कारखान्यांचा भोंगा झाला. अंगणातलं ऊन कुंपणावर चढलं. तो गाडीशेजारी उकिडवा बसला होता, एक हात खाली घालून, चाचपत. माझ्याकडे न बघताच बोलायला लागला, अगदी हळू.

‘एक विचारायचं होतं... सोमवार आहे म्हणून धीर होतोय. नाही म्हणायचं असलं तरी दिव्यापर्यंत म्हणता येणार नाही, तेवढाच वेळ बरा जाईल.’ तो थांबला. ‘मी इथे राहिलो... तर माझ्याशी लग्न कराल का?’

मी हातातली पुरचुंडी उगाच सोडून परत बांधली. दारात आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

उत्तराची वाट बघायची नव्हतीच, म्हणून की काय, त्याने पान्याला लांबलचक पाइप लावला आणि जोर केला. तेव्हा पाइप कुठे वळतोय ते पाहून माझ्या लक्षात आलं.

तो वरून बघत होता. वरून बघून, डावीकडे फिरवलं की सुटेल म्हणून फिरवत होता. पण नटाचं तोंड जमिनीकडे. खालून पाहिलं तर ते सगळं उलटं होतं. दुपारपासून तो नट सोडवत नव्हता, आवळत होता.

त्याचा हात धरावा? आईसमोर? खूण करावी, तर तो बघतच नव्हता. मी पायाने बादली ढकलली. ती आवाज करत गडगडली. ‘थांबा, होतंच आलंय,’ तो म्हणाला, आणि उठून त्याने पाइपवर पाय ठेवला. सगळा भार टाकायला. आता आटे तरी जाणार होते, नाहीतर चेंबरच तडकणार होता.

तेरा सोमवार आणि चौदाव्याचा जवळजवळ सगळा दिवस.

‘थांबा,’ मी म्हणाले. ‘उलटं फिरवताय.’

तो पाय तसाच पाइपवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. आईच्या हातातलं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘बाई... तुमचं मौन—’

‘खाली आडवे व्हा. नटाच्या तोंडाकडे बघून फिरवा. आणि आधी परत शेक द्या.’

तो निमूट मातीत पाठीवर झोपला. ‘आता बोललाच आहात,’ खालून आवाज आला, ‘तर मघाचं उत्तर पण—’

‘आधी नट.’

मी गरम पुरचुंडी दिली. त्याने डोळ्यांसमोर धरून पाना बसवला, श्वास घेतला, फिरवला. काही नाही. परत. काही नाही. तिसऱ्यांदा ‘कट्’ असा आवाज झाला, आणि आम्ही दोघं गोठलो. चेंबर गेला असंच मला वाटलं. मी मनात जप सुरू केला. मग नटाच्या कडेला एक पांढुरका थेंब फुगला, लोंबला, त्याच्या गालावर पडला. पाठोपाठ धार लागली. त्याची बाही, मान, केस सगळं चिकट झालं. तो हलला नाही. डोळे मिटून नुसता हसत पडला होता.

नवं ऑइल घालून झालं तेव्हा तुळशीपाशी अंधारायला लागलं होतं. आई निरांजन घेऊन दारात आली, पण लावलं नाही. हातात धरून उभी राहिली. पहिली किक... दहावी किक... अकराव्या किकेला गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि धडधडायला लागली. आईने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती त्या आवाजाकडेच बघत होती.

मग निरांजन पेटवून ती माझ्याजवळ आली. मी मान खाली घातली.

‘सोळाचे सोळा परत धरावे लागतील.’

‘धरीन.’

‘आणि या वेळी काय मागायचं ते ठरवून धर, सरिता. मला कळत नव्हतं का, तू पिंडीपुढे नुसती बसून उठायचीस ते?’

धुराच्या पलीकडे नवनाथ हँडल धरून उभा होता. गालावर ऑइल, डोळे माझ्याकडे. दिवा लागला होता, आता गप्प राहायला कसलीच सबब नव्हती.

‘मागायला नाही धरायची, आई,’ मी म्हणाले. ‘मिळालं म्हणून फेडायला धरीन.’

अकरा किकांनी मिळालेलं ते इंजिन त्याने चटकन बंद केलं.

‘काय म्हणालात, बाई? आवाजात नीट ऐकू आलं नाही.’

माझा आवाज मुळात लहान. शिकवणीतल्या मागच्या मुलांनाही तो पोचत नाही. पण त्या संध्याकाळी, आईसमोर, मी ते सगळं परत म्हटलं... कुंपणापलीकडच्या केसरबाई विहिरीवरून वळून बघतील इतक्या मोठ्याने.