दुधाळ सेंट

"बाई आहेत का?"

दार बापूसाहेब औसेकरांनी उघडलं होतं. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहत हा प्रश्न विचारला आणि बापूसाहेबांची सकाळ नासली. पेन्शन घेणारा, चष्मा लावणारा, धडधाकट माणूस समोर उभा असताना लोक त्याच्या पलीकडे पाहतात, याची त्यांना एव्हाना सवय व्हायला हवी होती. पण झाली नव्हती.

दारावरच्या पितळी पाटीवर एकच नाव होतं. 'सौदामिनी औसेकर, खासगी तपास.' ती पाटी बापूसाहेब रोज फडक्यानं पुसत. बायकोचा हेवा वाटला की त्या दिवशी पुसत नसत.

"आहेत. या," ते म्हणाले.

सौदामिनीबाईंनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला होता. कॉप्या पकडून पकडून नजर इतकी तयार झाली, की निवृत्तीनंतर ती मिटून ठेवणं त्यांना जमेना. त्यात लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागून भानगडी आल्या. पाणी तेवढं आलं नाही. यंदाचा दुष्काळ तर असा, की माणसं सोन्याआधी घागरीला कुलूप लावत होती.

आलेल्या बाई म्हणजे गंजगोलाईतल्या कलशेट्टींच्या कापड दुकानाच्या मालकीणबाई, उमादेवी. विलायती पावडर, लिपस्टिक, सेंट, काय नवं निघालं ते लातुरात आधी त्यांच्याकडे पोचायचं. मग चार बायका जमायच्या, वस्तू उघडली जायची, आणि उमादेवी मान किंचित तिरकी करून निकाल द्यायच्या. त्यांनी नाक मुरडलेली पावडर गावात खपत नसे.

"बाई, माझं नाक कापलं गेलं," उमादेवी बसता बसता म्हणाल्या. "लतानं कापलं. परळीकरांची लता. लहानपणची मैत्रीण माझी, माहेरची. तिनंच केलं, एवढं सिद्ध करून द्या."

"आधी काय केलं ते सांगा."

"हैदराबादची एक कंपनी हाय. नवा जिल्हा म्हणून लातूरला वेगळी एजन्सी देऊन राहिली. त्यांच्या बाई काल माझ्या घरी येणार होत्या. चार बायकांत माल कसा दाखवते ते बघून ठरवणार. परवा संध्याकाळी पार्सल आलं. मला कुठला दम निघतो? उघडलंच."

"आणि?"

उमादेवींचा चेहरा क्षणभर सगळं विसरला.

"पावडरीची डबी अशी, की पांढऱ्या वडीला बोट लावायचा जीव होईना. न्हाईच लावलं. सेंट मात्र एक थेंब घेतला मनगटावर. पिवळंजर्द, काचेवानी स्वच्छ. आधी संत्र्याची साल सोलावी तसा वास. म्हटलं, हे एवढंच? मग निजताना मोगरा निघाला. आन पहाटे उठले तर, बाई, चंदन! लई मुरलेलं. ह्या सेंटाला घाई न्हाई. रात्रभर आपलं एकटंच काम करून राहिलं."

"मग काल काय झालं?"

"पेटी माजघरातच होती, फळीवर. बायका जमल्या, कंपनीच्या बाई बसल्या, मी बाटली काढली. आत दुधाळ पाणी! वास म्हणाल तर नावाला. डबी उघडली तर वडीवर तीन रेघा. कंपनीच्या बाईंनी मला सरळ विचारलं, अर्धं काढून घेऊन पाणी घातलंत का? समद्यांसमोर, बाई!" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "उद्या सकाळच्या एस.टी.नं त्या नांदेडला निघाल्या. तोवर खरं कळलं न्हाई तर एजन्सी गेली, आन लातुरात तोंड दाखवायची सोय न्हाई."

"लताबाईंवर संशय का?"

"बायका यायच्या आधी ती आली. मी आत पातळ नेसत होते. माजघरात एकटी तीच होती, पेटीपाशी. आन कंपनीच्या बाईंच्या तोंडून कळलं, तिनंबी ह्याच एजन्सीसाठी अर्ज केला होता. मला न सांगता! मी तिथंच म्हटलं तिला, चोर हायेस तू."

"झालं तर मग," बापूसाहेब म्हणाले. "उघड आहे."

"तुम्हाला उघड दिसलं की मला धास्ती वाटते," सौदामिनीबाई उठल्या. "छत्री घ्या."

कलशेट्टींचं दुकान खाली, घर वर. फळीवरची पेटी सौदामिनीबाईंनी स्वतः उतरवली. बाटलीतलं पाणी ताकासारखं दिसत होतं.

"सेंटात तेलं असतात. पाणी पडलं की ती फुटतात आणि असं दूध होतं," त्या म्हणाल्या. "ज्यानं पाणी घातलं त्याला हे ठाऊक नसणार. दुधात पाणी खपतं तसं इथंही खपेल, असं वाटलं असेल."

मग त्यांनी डबी उघडली. पांढऱ्या वडीवर तीन आडव्या, शेजारी शेजारी ओढलेल्या रेघा होत्या. रुंद आणि चकचकीत. तिसरी तर डबीच्या काठावर चढली होती. त्यांनी पफ फिरवून पाहिला. रेघांवरून तो नुसता घसरत होता.

"ओला हात," त्या म्हणाल्या.

माजघराच्या कोपऱ्यात मोरी होती, कोरडीठाक. टंचाईत तिथं कोण पाणी ओतणार? सौदामिनीबाई तिच्यापाशी वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"काही वास येतो का हो?"

बापूसाहेबांनी नाक पुढे केलं. त्या नाकात सकाळपासून तीन चिमट्या तपकीर गेली होती.

"मोरीचा."

स्वयंपाकघरात उमादेवींची धाकटी जाऊ दानम्मा भाकरी थापत होती. कपाळाला कुंकू, त्याखाली एका बोटानं टेकवलेला विभूतीचा ठिपका. उमादेवींच्याही कपाळाला अगदी तसाच होता. सौदामिनीबाईंनी विचारायची खोटी, दानम्मा सुरूच झाली.

"अक्काच्या बायका येत्यात, च्या मी करते, कपबशा मी धुते. एका पाण्यात, टंचाई हाय म्हणून! एवढे सेंट आले घरात, कधी माझ्या मनगटाला थेंब लावला का? विचारा अक्काला."

"म्हणजे राग आहे तुमचा."

"हाव. हाय की. पण सेंटात पाणी कोण घालंल? तांब्याभर पाण्यासाठी इथं डोकी फुटून राहिली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "काल उजाडताच टँकर आला. मी आन अक्का घागरी घेऊन पळालो. टँकर रिकामा होईस्तोवर दोघी रांगेत, एकीमागं एक. तिथून घरी आलो ते संध्याकाळपर्यंत एकमेकीच्या डोळ्यासमोर. लाडू वळत होतो."

"घरात कोण होतं तेव्हा?"

"थोरले मालक होते, पूजेला बसलेले. आमचे धनी भोकरला कापसाच्या कामाला गेलेत, आठवडा झाला."

"आणि लताबाई आल्या तेव्हा?"

"दार मीच उघडलं. तिच्याबरोबर माजघरात आले तर चंदनाचा असा घमघमाट! म्हटलं, अक्कानं पाव्हण्यांसाठी चंदनाचा साबण काढला वाटतं. मला मेलीला तोबी दाखवला न्हाई."

लता परळीकर दोन गल्ल्या सोडून राहत होती. तिनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"अर्ज केला होता मी. तिला सांगितलं नाही, हेही खरं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "हेवा वाटत होता मला. शाळेत दोघींत मिळून एक काजळाची डबी होती आमची. आता तिच्याकडे पेट्या येतात आणि मी मनगट पुढे करून रांगेत बसते. पण पेटीला हात लावला नाही मी. आरशासमोर होते. तिच्या घरच्या आरशात मी जरा बरी दिसते का, ते पाहत होते. चारचौघींत चोर म्हणाली मला. विचारलंसुद्धा नाही."

परतताना ते दुकानात शिरले. उमादेवींचे यजमान चन्नबसप्पा कलशेट्टी गादीवर बसले होते. अंगानं भरलेले, हसतमुख, कपाळभर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे.

"बायकांच्या डब्यातलं मला काय कळतंय, बाई? मी पूजेत होतो," ते म्हणाले. "पाव्हण्या आल्या की मला हुकूम होतो, खाली दुकानात बसा. पूर्वी लोक विचारायचे, कलशेट्टींचं दुकान कुठं. आता म्हणत्यात, उमाबाईंच्या घराखालचं दुकान! काय, बापूसाहेब?"

"अगदी, अगदी!" बापूसाहेब इतक्या जोरात हसले की कापड पाहणारं गिऱ्हाईक दचकलं.

बाहेर पडताच ते म्हणाले, "बिचारा भला माणूस. बाकी चोर लताच. नाहीतर दानम्मा. दोघींच्या डोळ्यांत हेवा नुसता टपटपतोय."

"टपटपतोय खरा," सौदामिनीबाई म्हणाल्या. "जो टपटपतो तो सगळ्यांना दिसतो."

घराच्या दाराशी त्या थांबल्या. पाटीवर धूळ होती.

"आज पुसली नाहीत."

"विसरलो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि धुळीकडे पाहत जरा वेळ उभ्या राहिल्या. मग आत न जाताच वळल्या. "चला. सगळ्यांना माजघरात बोलवायचंय."

संध्याकाळी कंपनीच्या बाई घड्याळाकडे पाहत बसल्या होत्या. लता दारालगत उभी होती. उमादेवी तिच्याकडे पाहत नव्हत्या. चन्नबसप्पांना दुकानातून वर बोलावलं, तेव्हा सगळ्यांना नवलच वाटलं.

"हा सेंट आधी संत्र्यासारखा येतो, मग मोगरा, आणि चंदन सगळ्यात शेवटी," सौदामिनीबाईंनी सुरुवात केली. "बरोबर?"

"अगदी बरोबर," कंपनीच्या बाई म्हणाल्या. "चंदन यायला सहज दिवस जातो."

"काल लताबाई खोलीत शिरल्या त्याच क्षणी दानम्मांना चंदनाचा घमघमाट आला. लताबाईंनी बाटली ओतली असती, तर त्यांच्या मागून संत्र्याचा वास आला असता. चंदन होतं, म्हणजे सेंट सकाळीच सांडला होता. या मोरीत. एरवी दोन तांबे पाण्यात वास वाहून गेला असता. दुष्काळानं तो राखून ठेवला. अजूनही आहे."

"माझ्या मनगटावरचा असंल तो," उमादेवी पुटपुटल्या.

"मनगटावरच्या एका थेंबानं माजघर भरत नाही, आणि मोरी तर नाहीच नाही. तर, काल सकाळी. तेव्हा तुम्ही आणि दानम्मा टँकरवर, एकमेकींच्या पुढेमागे."

दानम्मानं पदर तोंडाला लावला. तिला पुढचं कळलं होतं.

सौदामिनीबाईंनी डबी सगळ्यांसमोर धरली. "आता या रेघा. बाईमाणूस पावडरीला पफ लावतं, नाहीतर एक बोट. या घरच्या बायका विभूतीसुद्धा एकाच बोटानं टेकवतात. इथं तीन बोटं आहेत, रुंद, ओली, एका ओढीत फिरलेली. पांढरी वडी दिसली की ओली तीन बोटं आपोआप फिरवायची सवय कुणाच्या हाताला आहे? नुकती आंघोळ करून पूजेला बसलेल्या माणसाच्या."

सगळ्यांच्या नजरा चन्नबसप्पांच्या कपाळाकडे गेल्या. त्यांनी कपाळ झाकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"मेकअपची पेटी म्हणून सगळ्यांनी बायकाच तपासल्या," सौदामिनीबाई म्हणाल्या. "मीही तेच करत होते. पण हेव्यानं बायकोचं नाव धुळीला मिळू देणारे पुरुष असतात. अगदी सज्जन असतात. त्यातला एक माझ्याच घरी आहे. आज त्यानं पाटी पुसली नाही."

बापूसाहेबांना तपकीर न ओढताच शिंक आली.

"बघायचं होतं नुसतं," चन्नबसप्पा अखेर बोलले. ते जमिनीकडे पाहत होते. "म्हटलं, असं काय हाय ह्याच्यात, की ही रात्रभर मनगट हुंगत पडली? शेजारी मी हाय का न्हाई, तिला पत्ता नव्हता. डबी उघडली आन बोटं गेली. पूजेचा हात होता. रेघा बघितल्या आन जीव चरकला. मग राग आला. माझा, तिचा, समद्यांचा. बाटली मोरीत उपडी केली अर्धी, आन तांब्यातलं पाणी घातलं."

"मला सांगायचं होतं की हो!" उमादेवी ओरडल्या. "एकदा तरी म्हणायचं!"

"तू खाली कधी आलीस? दुकानात बसा म्हणून निरोपसुद्धा दानम्माच्या हाती यायचा."

मग कंपनीच्या बाईंनी घसा साफ केला. "उमादेवी, मी चुकले. लातूरची एजन्सी तुमची. वास असा उलगडून सांगणारं कुणी मला दुसरं भेटलेलं नाही."

उमादेवी हसल्या, रडल्या, आणि हात पसरून लताकडे वळल्या. लता मागे सरली.

"नको," ती म्हणाली. "भाऊजींनी बाटली नासवली, उमा. मला चोर तू म्हणालीस. तुला वाटलंच कसं, हे मला रात्रभर कळत नव्हतं. आता कळलं. माझ्या मनात काय चाललंय ते तुला दिसत होतं, कारण तुझ्याही मनात तेच होतं. मी तुझ्याहून पुढे गेले तर, हीच भीती." मग ती कंपनीच्या बाईंकडे वळली. "नांदेडला कोणी ठरलंय का?"

"अजून नाही."

"माझं माहेर नांदेडचं आहे. उद्याच्या गाडीनं मीही येते. मला पाहा तरी."

कंपनीच्या बाईंनी तिला एकदा न्याहाळलं आणि मान डोलावली. दोघी बोलत बोलत जिना उतरून गेल्या. दानम्मा भाकरीकडे गेली. औसेकर पती-पत्नीही निघाले. उतरताना बापूसाहेब नेहमीच्या दोन पायऱ्या मागे न राहता बायकोच्या बरोबरीनं चालायला लागले. जिना अरुंद होता, पण सौदामिनीबाई भिंतीकडे सरकल्या.

माजघरात नवरा-बायको दोघंच उरले. चन्नबसप्पा शिव्यांची वाट पाहत उभे होते. उमादेवी खिडकीशी बसल्या होत्या. खाली लता कंपनीच्या बाईंबरोबर कशावर तरी हसत वळणावर दिसेनाशी झाली.

"अहो," उमादेवी म्हणाल्या, खिडकीतून नजर न काढता. "नांदेड मोठं गाव. नवा माल आधी तिच्याकडं जाईल का हो?"

चन्नबसप्पांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. हे दुखणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते तिच्याजवळ जाऊन बसले.