मिठाच्या कोठारातली पाच पाकिटं

पाच गायक-वादकांनी एकाच वेळी पाच सीलबंद पाकिटं फोडली आणि पाचही पाकिटांतून कोरे कागद निघाले. रविवारची दुपार, तीन वाजलेले. सात वाजता पिरानच्या बंदरावरच्या जुन्या मिठाच्या कोठारात ऑपेराचा पहिला प्रयोग होता.

दिग्दर्शिका डारिंकाने पोलिसांना न कळवता झोरा गॉर्शेला फोन लावला. झोरा खासगी तपासनीस. तिला गाडीतून घेऊन आला तो तिचा दीर ब्रांको, निवृत्त ट्रकचालक. वहिनीचं डोकं आणि आपली गाडी यांवरच हा धंदा चालतो, असं त्याचं ठाम मत होतं.

कोठारात जमिनीवर वीतभर मीठ पसरलं होतं. त्यावर वादकांच्या खुर्च्या आणि समोर समुद्राकडे उघडणारं मोठं लाकडी दार.

"मूळ जपानी कादंबरी आहे," डारिंका सांगू लागली. "मिठागरातल्या बाईचा नवरा होडी घेऊन जातो, तो परत येत नाही. ती वाट बघते आणि शेवटी एक दिवस दार लावून घेते. आमचा संगीतकार सिल्वान, त्याने ऑपेरात नवऱ्याला परत आणलं होतं. शुक्रवारी टोकियोहून प्रकाशकाचं पत्र आलं. शेवट कादंबरीतलाच हवा, नाहीतर परवानगी रद्द. सिल्वानने जुना शेवट सगळ्यांकडून गोळा करून फाडला आणि दोन दिवस खोलीत बसून नवा लिहिला. सकाळी पाकिटं वाटली, तीनला उघडा म्हणाला."

"म्हणजे कोणीतरी कागद बदलले," ब्रांको म्हणाला.

झोराने पाकिटं हातात घेतली. सगळ्यांनी ती कडेने फाडली होती. चिकटवलेल्या झाकणांवर सिल्वानची आडवी सही होती आणि ती कुठेच तुटलेली नव्हती. प्रत्येक पाकिटात स्वरलिपीच्या रेघा छापलेले चार-चार कोरे कागद होते, सगळे एकाच छापाचे.

आधी गायिका नेरीना आली. "नव्या शेवटात फार वरचा स्वर आहे म्हणे. तो लागेल की नाही याची मला धास्ती होती, खोटं कशाला बोलू?"

"कुठला स्वर?"

"विचारलं होतं. सिल्वान म्हणाला, बघशीलच."

मग चेलोवादक ताडे. त्याच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "जुन्या शेवटात तीन मिनिटं मी एकटाच वाजवत होतो. ते गेलं. राग आला, तो मी तोंडावर बोललो."

"नव्यात तुम्हाला काय दिलं होतं?"

"त्यालाच ठाऊक."

ताडे वळताच ब्रांको कुजबुजला, "वहिनी, हाच. चिडलेला आहे."

"भाऊजी, चिडलेली माणसं असलं काही करत असती, तर माझ्या जावेने तुम्हाला केव्हाच विष घातलं असतं."

सिल्वान वरच्या खोलीत बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. टेबलावर त्याच छापाच्या कोऱ्या कागदांचं पॅड होतं. कव्हरवर 'चोवीस पानं' असं छापलेलं. ब्रांकोने चाळा म्हणून पानं मोजली. चार उरली होती. कचऱ्याच्या टोपलीत चिठोरंही नव्हतं.

"शेवट यावरच लिहिलात?" झोराने विचारलं.

"दुसरे कागद होतेच कुठे? शुक्रवारी दुकानात हे एकच पॅड उरलं होतं." तो खाली बघत बोलत होता. "रात्री पाकिटं इथेच उघडी होती. सकाळी आत न बघता चिकटवली. खोलीला कडी नाही."

"तुमची स्वतःची प्रत?"

"केलीच नाही. सगळं डोक्यात आहे."

"मग आता परत उतरवा. तीन तास आहेत हातात."

सिल्वान खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला. "नाही जमणार," तो म्हणाला.

चार वाजता झोराने सगळ्यांना मिठावर गोळा केलं.

"सह्या शाबूत आहेत," ती म्हणाली. "म्हणजे पाकिटं चिकटवल्यावर कोणी उघडली नाहीत. बदल झाला असेल तर त्याआधी, रात्री. पण बदलायला कोरे कागद आणायचे कुठून? गावातलं शेवटचं पॅड सिल्वानकडे. पाच पाकिटांत चार-चार, म्हणजे वीस. पॅडमध्ये उरलेत चार."

"चोवीस," ब्रांको म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"पॅडचं प्रत्येक पान आपल्यासमोर आहे आणि प्रत्येक कोरं आहे. मग शेवट लिहिला कशावर? नेरीनाला स्वर माहीत नाही, ताडेला आपला भाग माहीत नाही. ज्याच्या डोक्यात सगळं आहे तो माणूस पेन्सिल उचलत नाही. चोरीला काहीच गेलेलं नाही. शेवट लिहिलाच गेला नाही."

सिल्वान मिठावरच खाली बसला.

"माझा भाऊ अल्बिन," तो म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. त्याला मृत ठरवायचा अर्ज भावजयीने तयार ठेवलाय, माझी सही मागते. मी देत नाही. दोन दिवस इथे बसलो. ती दार लावते, एवढंच लिहायचं होतं. हात चालला नाही. वाटलं, चोरी झाली म्हटलं की प्रयोग पुढे ढकलला जाईल."

"आणि संशय आमच्यावर," ताडे म्हणाला.

"हो. माफ करा."

मग नेरीना त्याच्याशेजारी मिठातच बसली. "वाद्यं राहू देत. दार लावताना ती काय म्हणते, तेवढं मला सांग."

सिल्वानने हळूच गुणगुणून दाखवलं. स्वर अगदी खालचे होते.

"आणि तो वरचा?"

"थाप होती."

ताडेने आपल्या खिशातली पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

सात वाजता ब्रांको मागे भिंतीला टेकून उभा होता. शेवटी वाद्यं थांबली. नेरीनाने एकटीने सहा ओळी म्हटल्या आणि दार ओढून घेतलं. मिठावरचं ऊन गेलं. टाळ्या यायला इतका वेळ लागला, की काही चुकलं की काय असं ब्रांकोला वाटलं.

मंगळवारी सकाळी सिल्वानचा त्याला फोन आला. कोर्टात जायचं होतं, भावजयीलाही वाटेत घ्यायचं होतं. "आज मला गाडी चालवणं जमेलसं वाटत नाही," तो म्हणाला. ब्रांको गेला. जाताना भावजय पुढे, सिल्वान मागे.

येताना दोघं मागे शेजारी बसले. अल्बिनला एकही मासा धड पकडता यायचा नाही, बाजारातून आणून स्वतः पकडला म्हणून सांगायचा, असं भावजय सांगत होती. सिल्वान हसला. "असाच होता तो," म्हणाला, आणि मग खिडकीकडे तोंड करून रडला.

ब्रांकोने गाडी लांबच्या रस्त्याने घेतली.