ब्रॅनिक केंद्राची वाचा बसली

बुधवारी सकाळी आठ वाजता ब्रॅनिक गावात कुणी मेलं नाही. निदान कळलं तरी नाही.

गावात गेलेल्यांची नावं रोज आठला रेडिओवर वाचली जात. यादीत आपलं नाव नाही याची खात्री झाली की लोक कॉफीला बसत. त्या दिवशी, सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरच्या दोन तारखेला, रेडिओतून नुसती खरखर आली. आठ वाजून पाच मिनिटांनी एल्वुड प्रूसाचा फोन वाजला.

"एल्वुड, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग रेडिओ का गप्प आहे?"

प्रूसा गावाचे अंत्यसंस्कार करी. बापाचा आणि आजोबाचाही हाच धंदा. शोकाकुल माणसांशी हळू बोलायचं आणि ती काय लपवताहेत ते ऐकायचं, एवढं भांडवल त्याला पिढीजात मिळालं होतं. अकरा फोन झाले. बारावा केंद्राच्या मालकिणीचा होता, व्हर्ला कुबिचेकचा.

"एल्वुड, लगेच ये. शेरीफला सांगू नकोस."

"मी कशाला? तिथं माझं गिऱ्हाईक आहे का?"

"अजून नाही," व्हर्ला म्हणाली. "पण मायलो समोर उभा आहे आणि माझ्या हातात हातोडी आहे."

मका कापलेल्या शेतात एक मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी दोन खोल्या, एवढंच ते केंद्र. पहिल्या खोलीत माइक, दुसरीत फ्रिजएवढं प्रक्षेपणयंत्र. यंत्राचं दार उघडं होतं आणि आतल्या दोन खाचा रिकाम्या होत्या.

"दोन क्रिस्टल होते," व्हर्ला म्हणाली. "आगपेटीएवढ्या डब्या. एक चालू, एक राखीव. ते नसले तर हे यंत्र म्हणजे कपाट. नवे घडवून घ्यायला तीन आठवडे."

"आणि तीन आठवड्यांनी?"

"तीन आठवड्यांनी नाताळ! या एका डिसेंबरवर माझे बाकीचे अकरा महिने जगतात, एल्वुड. शनिवारी रेडिओवरचा लिलाव आहे. आज दुपारपर्यंत आवाज आला नाही, तर सगळे दुकानदार शहरातल्या एफएमकडे जातील. मग मी शुक्रवारी लेनर्डच्या कागदावर सही करायची आणि इथं पेट्रोल पंप बघायचा."

लेनर्ड होसेक हा फ्रिज-टीव्हीचा दुकानदार. अकरा वर्षं केंद्राचा सगळ्यात मोठा जाहिरातदार. संध्याकाळी केंद्र बंद करताना द्यायचा निरोप त्याच्याच दुकानातर्फे जाई. हायवेलगतची ही जमीन त्याला हवी होती, आणि त्यानं देऊ केलेला भाव शुक्रवारपर्यंतच होता.

प्रूसा मायलोकडे वळला. मायलो निवेदक होता, यंत्रही तोच बघायचा आणि झाडूही तोच मारायचा.

"काल बंद कधी केलंस?"

"पाचला. निरोपाची पोल्काची धून लावली, होसेकसाहेबांची जाहिरात वाचली, बटण दाबलं."

"मग?"

"कुलूप लावलं, किल्ली कुंडीखाली ठेवली, चालत घरी गेलो."

"घरी कोण होतं?"

"मांजर."

"किल्ली कुंडीखाली असते हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणाला माहीत नाही ते विचारा, मिस्टर प्रूसा. यादी लहान होईल."

"त्याच्या खिशात काय आहे ते विचार," व्हर्ला मध्येच म्हणाली. "एफएमवाल्यांचं पत्र! हे केंद्र मेलं की हा तिकडं जायला मोकळा."

"नोकरीचं पत्र आहे, बाई. दरोड्याचं नाही. आणि मी उत्तर पाठवलेलं नाही."

"पाठवलेलं नाहीस, की लिहिलेलंच नाहीस?" प्रूसानं हळूच विचारलं.

मायलो जमिनीकडे पाहू लागला. लिहिलं होतं.

यंत्राशेजारी एक सरकारी तक्ता खिळ्याला लटकत होता. या केंद्राचा परवाना दिवसापुरता. अंधारात एएमच्या लहरी शेकडो मैल धावतात आणि परराज्यातल्या बड्या केंद्रांच्या अंगावर जातात, म्हणून सूर्य मावळला की यांनीही मावळायचं. पण सूर्य कधी मावळतो हे वॉशिंग्टनवाले ठरवत. बारा महिन्यांच्या बारा वेळा, पाव तासाच्या पटीत. प्रूसानं चष्मा पुसून तो तक्ता वाचला आणि टोपी घातली.

होसेकच्या दुकानात आठ स्टिरिओ एकदम गात होते. आठही एफएमवर.

"क्रिस्टल चोरीला गेले?" लेनर्डनं आवाज कमी केला. "बिचारी व्हर्ला. कधी झाली?"

"तेच कळत नाही."

"सव्वापाचच्या आधी तर नक्कीच नाही. केंद्र चालू असताना क्रिस्टल काढता येत नाही. तुला नाही कळायचं ते, एल्वुड. तुझा माल बोलत नाही."

"काल तू निरोप ऐकलास?"

"रोज ऐकतो. पैसे भरतो मी त्याचे! सव्वापाचला पोल्का, माझी जाहिरात, खल्लास. मग दुकान बंद करून गाडीनं थेट चर्चच्या हॉलवर, गावजेवणाला. पाच मिनिटं लागली. फादरनी स्वतः माझ्या ताटात सॉसेज वाढलं, विचार त्यांना. आणि खरं सांगू? त्या मायलोची झडती घे."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि लेनर्ड तिकडं गेला. त्याची बायको ब्लांश खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाच्यांची, बशी घेऊन पुढं आली. साठीची बाई, पण गाल गुलाबी झालेले.

"एल्वुड, कुणाला सांगू नका हं. यंदा यांनी माझ्यासाठी काहीतरी घेतलंय!"

"अरे वा."

"काल मी हॉलच्या स्वयंपाकघरात होते. हे आले, मी कोट टांगायला घेतला, तर खिशात काहीतरी कडक लागलं. तर म्हणतात, हात लावू नकोस, नाताळ आहे. घरी आल्यावर टोप्यांच्या खोक्यात लपवलंय. मी उघडून नाही पाहिलं, शपथ!"

"दरवर्षी घेतात?"

"एकतीस वर्षांत एकदा. मिक्सर. कुणीतरी परत केलेला."

प्रूसानं एक कोलाचा संपवला. एरवी तो दुसरा मागून घेई. आज मागितला नाही.

केंद्रासमोर, रस्त्यापलीकडे, अल्बीना कुद्रनाबाईंचं घर. हिवाळ्यात त्यांच्याकडे चार बायका हंसाची पिसं सोलायला जमत. उशांच्या पिसांपेक्षा गावाच्या बातम्या जास्त सोलल्या जात.

"काल किती वाजता बसलात, कुद्रनाबाई?"

"सव्वापाचला. नऊपर्यंत बायका, पुढं रात्रभर मी एकटीच, मला कुठली झोप! खिडकीपाशीच बसतो आम्ही. केंद्राच्या फाटकावर दिवा आहे, मांजर गेलं तरी दिसतं."

"कोण गेलं?"

"मांजरच. माणूस एक नाही."

"आणि सव्वापाचच्या आधी?"

"मागं खुराड्यात होते मी. तिथून काही दिसत नाही. डिसेंबर लागला की तुमचा रेडिओ लवकर झोपतो आणि माझ्या कोंबड्या गोंधळतात. पोल्का संपल्याशिवाय मेल्या आत जात नाहीत. काल पाचलाच संपला, तर अंगणात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. दहा मिनिटं हाकलत होते."

प्रूसानं तिथूनच फोन लावला. "लेनर्ड, व्हर्ला सही करायला तयार आहे. साडेअकराला ये. ब्लांशलाही आण, साक्षीदार लागेल."

लेनर्ड सव्वाअकरालाच आला, पेन उघडूनच. व्हर्लानं कागद पुढं ओढला.

"थांब," प्रूसा म्हणाला. "आधी चोर ठरवू. मायलो, तू चोरी केली असतीस, तर केंद्र बंद केल्याची खरी वेळ लपवली असतीस. पण किल्ली पाचपासून कुंडीखाली होती, हे तू आपणहून सांगितलंस. चोराला पाच ते सव्वापाच, तेवढीच पंधरा मिनिटं मिळाली. त्यानंतर खिडकीत चार बायका बसल्या, नऊनंतर एकट्या कुद्रनाबाई, आणि त्या बायकांच्या नजरेतून गावात आजवर काही सुटलेलं नाही."

"पाच?" लेनर्ड हसला. "सव्वापाचपर्यंत केंद्र चालू होतं! मी स्वतः ऐकलं."

"नाही ऐकलंस."

प्रूसा भिंतीवरच्या तक्त्याकडे वळला.

"सव्वापाच ही नोव्हेंबरची वेळ. काल एक तारीख होती. डिसेंबरची वेळ पाच. तो बघ तक्ता. अकरा वर्षं तू या निरोपाचे पैसे भरतोस, लेनर्ड, आणि एकदाही तो ऐकलेला नाहीस. तुझ्या दुकानात आठ यंत्रं आहेत आणि आठही दुसऱ्याचं गाणं गातात."

"सवयीनं बोलून गेलो."

"सवय ऐकणाऱ्याला लागते. एक तारीख झाली हे कुद्रनाबाईंच्या कोंबड्यांनासुद्धा कळलं."

लेनर्डनं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"तू पाचनंतर इथं आलास," प्रूसा अंत्यविधीत बोलतो तेवढ्याच हळू बोलत होता. "व्हर्लाला गळ घालायला. पाहतोस तर केंद्र बंद, माणूस नाही. तुला वाटलं, मायलो पाव तास आधीच पळाला. लवकर पळाल्याचं तो कबूल करणार नाही. रेडिओ दुरुस्त करत आयुष्य गेलेलं तुझं, काय उपटायचं ते ठाऊक. दोन मिनिटांचं काम. मग सव्वापाचपर्यंत आवाज येत होता अशी साक्ष दिलीस, कारण त्यानंतर तू फादरसमोर बसला होतास. चोरी मायलोच्या गळ्यात आणि जमीन तुझ्या."

"पुरावा काय?"

प्रूसानं चष्मा काढून पुसायला घेतला. तो ब्लांशकडे पाहतही नव्हता. पण ती उठली.

"लेनर्ड, टोप्यांच्या खोक्यात काय आहे?"

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाताळचं आहे ना?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. ब्लांशनं त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. वीस मिनिटांनी ती परत आली आणि दोन डब्या टेबलावर ठेवल्या.

"माझ्या मापाचं नाही," ती म्हणाली.

मायलोनं डब्या खाचांत बसवल्या. यंत्र तापायला वेळ लागणार होता. व्हर्लानं फोन उचलला, शेरीफचा नंबर अर्धा फिरवला आणि थबकली.

"एल्वुड, तुरुंगातून कुणी जाहिरात देतं का?"

"मी तरी ऐकलेलं नाही."

फोन खाली आला. जमिनीच्या कागदाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर व्हर्लानं दोन वर्षांच्या जाहिरातींचा करार लिहिला, पुऱ्या दरानं, सवलत नाही. लेनर्डनं स्वतःच्याच पेनानं सही केली.

"मायलो," व्हर्ला त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हातोडीचं मनावर घेऊ नकोस. ते पत्र फाडशील?"

"पगार वाढणार असेल तर."

"वाढला. लेनर्डनं वाढवला."

यंत्राचा काटा हलला. साडेबारा वाजले होते. मायलो माइककडे निघाला, पण खुर्चीत ब्लांश आधीच बसली होती. टोपी डोक्यावर, पर्स मांडीवर.

"पहिली जाहिरात आमची आहे ना? मग मीच वाचते."

कुणी तिला अडवलं नाही. लाल दिवा लागला. ब्लांशनं घसा साफ केला.

"होसेकचं दुकान नेहमीप्रमाणे उघडं आहे. मालकांशी मी बोलत नाही. पण फ्रिज चांगले आहेत."