भुजंगनं आखलेले डोळे

हे लिहिणारच नव्हतो. पिंगळीत ऐकलं, दोनदा टाईप करून खोडलं. पण भुजंग डोक्यातून जाईना.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. भुजंग महालक्ष्म्यांचे मुखवटे करायचा. तेव्हा हैदराबादहून एक डॉक्टर पिंगळीच्या चावडीत येऊन उतरला. चोर जन्मताच चोर असतो, कपाळ-जबड्यावरून ओळखू येतो, असं त्याच्या विलायती पुस्तकात होतं. शिपायांनी संशयावरून धरून आणलेल्यांची डोकी तो लोखंडी चिमट्यानं मोजायचा आणि भुजंगकडून त्यांच्या तोंडाचे साचे काढून घ्यायचा. डॉक्टरनं एकदा मान हलवली की तो माणूस रेल्वेनं दूरच्या तुरुंगात. परत कुणी आलं नव्हतं.

साच्यातून प्लास्टरची तोंडं निघायची ती मिटल्या डोळ्यांची. आंधळा मुखवटा फळीवर ठेवू नये, ही भुजंगच्या घरची रीत. त्याला राहवलं नाही. त्यानं सगळ्यांना शाईनं डोळे आखले. सरळ, समोर बघणारे.

एका दुपारी त्याचा दोस्त वैजीनाथ चावडीत भाकरी घेऊन आला आणि कोपऱ्यात टेकला.

"तुहे पाव्हणे लय टक लावून बघायलेत रं," तो हसत म्हणाला. "भाकर मागतेत का काय?"

भुजंगनं वर पाहिलं. सगळी बुबुळं कोपऱ्याकडं सरकली होती. वैजीनाथ उठून दाराशी गेला. बुबुळंही दाराशी गेली. भुजंगनं बोट लावून पाहिलं. शाई कधीच वाळली होती.

डॉक्टर मागंच उभा होता. त्यानं वैजीनाथचं डोकं मोजलं. पुन्हा मोजलं. काहीच जुळेना.

"साहेब, ह्यानं उभ्या जन्मात कुनाचं कणीस मोडलं न्हाई," भुजंग म्हणाला.

डॉक्टर फळीकडं बघत होता. "माप गलत हो सकता. ये लोगां अपने आदमी कू पैचानते."

त्यानं मान हलवली. शिपायांनी वैजीनाथला धरलं.

भुजंगनं ओल्या फडक्यानं सगळे डोळे पुसून काढले. शाई निघाली. नजर निघाली नाही.

वैजीनाथच्या तोंडावर प्लास्टर त्यालाच थापावं लागलं.

साचा भरला. वाळला. उघडला.

तोंड निघालं ते उघड्या डोळ्यांचं.

ते भुजंगकडं बघत होतं. आता डॉक्टरही भुजंगकडंच बघायला लागला होता.

ठेसनात गाडी लागली. वैजीनाथच्या हातात बेड्या, भुवयांत पांढरी पूड.

"भुजंगा, मला तिथं एकट्याला लय भ्या वाटंल."

"एकटा न्हाई ऱ्हायचास," भुजंग म्हणाला. "मी येतो तुह्या मागं. बोल हाय माहा."