सोंगतण

खुरप्यानं सलग एकशे बाराव्या सकाळी जाहीर केलं, "बागेत तण शून्य." त्याच वेळी आतल्या खोलीत मृणालबाईंनी इनहेलरचा तिसरा दाब घेतला.

"शून्य म्हणे!" निनादराव पळसुले पायरीवरूनच ओरडले. "मग ही आत शिट्टी कोण वाजवतंय?"

शिट्टी मृणालबाईंच्या छातीत वाजत होती. रक्ताच्या तपासणीत कारण स्पष्ट आलं होतं: गाजरगवताचे पराग. डॉक्टरांचं म्हणणंही तेवढंच स्पष्ट होतं. घराच्या आसपास हे तण कुठे आहे ते शोधून महिन्याभरात समूळ काढा, नाहीतर घर सोडा. पुण्यात मुलानं एकोणिसाव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमधली एक खोली मोकळी करून ठेवली होती. मृणालबाई ती पाहून आल्या आणि म्हणाल्या, "खोली छान आहे. आजारी पडायला."

त्यांना साताऱ्यातलं हे घर सोडायचं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी त्या चार गुंठ्यांत हिरवळ आणि शेवंतीचे वाफे सांभाळले होते. कॉलनीच्या पुष्पप्रदर्शनात शेवंतीचा पहिला नंबर पाच वेळा त्यांचा आला होता. म्हणजे गाजरगवत शोधून काढणं एवढाच उपाय होता, आणि बागेत गाजरगवत नव्हतं. निनादरावांनी गुडघ्यांवर बसून, भिंग घेऊन, इंच इंच पाहिलं होतं. त्यांना बागेतल्या तीनच झाडांची नावं येत, पण गाजरगवत कोणीही ओळखतं.

खुरप्या हे यंत्राचं घरगुती नाव. कासवाएवढं अंग, सहा पाय, पुढे दोन चिमटे. वीस वर्षांपूर्वी तणनाशकांवर बंदी आली तेव्हा ही यंत्रं घरोघरी आली. ती बनवणाऱ्यांपुढे तेव्हा एक अडचण होती. तण ही काही वनस्पतींची जात नाही. नको तिथे उगवलेलं रोप म्हणजे तण. मग नको की हवं, हे यंत्राला सांगायचं कुणी? उत्तर सोपं निघालं. मालक बागेत फिरताना यंत्र त्याचे डोळे पाहतं. नजर कुठे थांबली, किती वेळ थांबली, बाहुली किती विस्फारली, हे सगळं ते टिपून ठेवतं. या टिपणाला 'रुचिनोंद' म्हणतात. रुचिनोंदीत जे बसतं त्याला पाणी, बाकीचं उपटून खताच्या खड्ड्यात. बटणं नाहीत, याद्या नाहीत. लोक खूश होते.

निनादराव खूश नव्हते. त्यांनी कंपनीच्या तक्रार कक्षाला सातव्यांदा फोन लावला.

"सर, आपली बाग शंभर टक्के स्वच्छ दाखवतेय."

"ती तशी दाखवतेय, हीच तर तक्रार आहे."

"म्हणजे, तण नसल्याची तक्रार नोंदवू का सर?"

"तण असल्याची नोंदवा!"

"तण असेल तर यंत्रच कळवेल ना, सर."

निनादरावांनी फोन सोफ्यावर फेकला. तो उसळून खाली पडला, त्यामुळे ते आणखीच चिडले. अखेर त्यांनी बहिणीच्या मुलीला बोलावलं. ईरा कृषी विद्यापीठात तणशास्त्र शिकवत असे. ती शनिवारी आली, चहा घेतला, आणि पिशवीतून काचेच्या नळ्यांचा खोका काढला.

"मामा, एकेक पान तोडून नळीत चुरगळायचं आणि वर दोन थेंब या बाटलीतले. जांभळं झालं तर त्यात गाजरगवताचं विष आहे."

"बागेत गाजरगवत नाहीये, ईरा. तेच तर तीन महिने ओरडतोय."

"तू ओरडू नकोस. पानं तोड."

दुपारी चारपर्यंत तीनशे रोपं तपासून झाली. दोनशे एक्याण्णव नळ्या जांभळ्या झाल्या. सगळ्यांत शेवंतीची पानं होती.

"अगं पण ही शेवंती आहे," मृणालबाई खुर्चीतून म्हणाल्या. बोलताना मध्ये त्यांना थांबावं लागलं. "मी स्वतः लावलीय."

"तू लावलेल्यातली नऊ उरलीत, मामी. टाकीमागे, खुरटलेली. बाकी सगळं गाजरगवत आहे. शेवंतीचं सोंग घेतलेलं."

"झाडं कधीपासून सोंगं घ्यायला लागली?" निनादरावांनी विचारलं.

"फार पूर्वीपासून. भातखाचरात एक रानगवत उगवतं. बायका निंदणीला वाकल्या की जे भातासारखं दिसत नाही ते उपटायच्या. थोडंफार भातासारखं दिसणारं एखादं रोप हातून सुटायचं. मग बी कुणाचं पडणार? सुटलेल्याचं. पुढच्या वर्षी उगवणारं आणखी थोडं भातासारखं. असं करत करत ते इतकं भातासारखं झालं की लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. त्या गवताला काही ठरवावं लागलं नाही, मामा. निंदणाऱ्या हातांनीच ते घडवलं. आम्ही याला सोंगतण म्हणतो."

"त्याला किती वर्षं लागली?"

"हजारेक."

"आमचं यंत्र वीस वर्षांचं आहे."

"गाजरगवताच्या वर्षाला चार पिढ्या होतात. एका झाडाच्या हजारो बिया. आणि या गावातली अकरा हजार यंत्रं रोज निवड करतायत, न दमता, न चुकता. त्या बायका दमायच्या, मामा. म्हणून हजार वर्षं लागली."

मृणालबाईंनी नेमका प्रश्न विचारला. "मग माझी खरी शेवंती का गेली? ती तर शेवंतीसारखीच दिसते ना?"

ईरानं हातातली नळी खोक्यात ठेवली. "कारण हे सोंग शेवंतीचं राहिलेलं नाही. ते तुझ्या आवडीचं आहे. तुला जी पाकळी जास्त भावली, जो पिवळा रंग बघून तू थांबलीस, तेवढंच यंत्रानं दर वेळी राखलं. खरी शेवंती शेवटी शेवंतीच राहिली. हे तिच्यापेक्षा तुला जास्त आवडतं, मामी. ते त्यासाठीच घडलंय."

"पाचही बक्षिसं गाजरगवताला मिळाली म्हण," निनादराव म्हणाले.

हातानं उपटून भागणार नव्हतं. मातीत लाखो बिया होत्या, उपटलेल्याच्या जागी आठवड्यात नवी रोपं येत आणि खुरप्या इमानानं त्यांना पाणी घाली. खुरप्या बंद ठेवला तर उघडं गाजरगवत कंबरेपर्यंत वाढलं असतं. माती भाजली तरी शेजारून बी वाऱ्यावर येणारच. रुचिनोंद बदलणं हाच मार्ग होता. मृणालबाईंनी वाफ्यांसमोरून फिरायचं आणि फुलं आवडून घ्यायची नाहीत.

"कारल्याचा काढा आठव," निनादरावांनी सुचवलं.

नाकाला मास्क बांधून त्या तीन दिवस फिरल्या. खुरप्या मागे मागे चालला आणि एकाही फुलाला त्यानं चिमटा लावला नाही.

"अगं, विष आहे ते!"

"कळतंय रे मला. विष आहे. पण छान दिसतं त्याला मी काय करू?"

"मनातल्या मनात शिव्या दे."

"दिल्या. तुझ्याकडून शिकलेल्या सगळ्या दिल्या."

डोळ्याची बाहुली माणसाच्या हुकमात नसते, असं ईरा म्हणाली. मग तिनं मामाकडे पाहिलं. या घरात बाग मुळीच न आवडणारा एक माणूस होता. एकतीस वर्षं तो पाण्याचा पाइप, चिखल आणि डास यांच्या नावानं बोटं मोडत आला होता. ईरानं मृणालबाईंची रुचिनोंद पुसली आणि तिच्या जागी निनादरावांची सुरू केली. मृणालबाई सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेल्या.

निनादराव रोज सकाळ-संध्याकाळ बागेत वैतागून फेऱ्या मारू लागले. त्यासाठी त्यांना काहीच वेगळं करावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यात वाफे उघडे पडले, दुसऱ्यात कुंपणाची वेल गेली, तिसऱ्यात टाकीमागची नऊ झाडंही. हिरवळ तेवढी राहिली, कारण तिच्याकडे त्यांचं लक्षच जात नव्हतं, आणि जिथे नजर पडलीच नाही तिथला निकाल यंत्र लावत नसे. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ईरानं सगळीकडून नमुने नेले. एकही नळी जांभळी झाली नाही. पुण्याहून येणारा आवाजही बदलत होता. आधी वाक्याच्या मधोमध थांबणाऱ्या मृणालबाई आता एका दमात सुनेच्या स्वयंपाकावर टीका करू लागल्या होत्या.

"गुरुवारी ये," निनादरावांनी सांगितलं. "बागेत आता काही म्हणजे काही नाही."

बुधवारी संध्याकाळी ते नेहमीच्या फेरीवर होते. मधल्या वाफ्याजवळ आल्यावर त्यांचा पाय बाजूला पडला. आपण वळसा घेतला हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. मग त्यांना आठवलं की वळसा त्यांनी सकाळीही घेतला होता. कालही.

तिथे वीतभर उंचीचं एक रोप होतं. फूल नव्हतं. पानं निळसर, कडेला किंचित मुडपलेली. शेवंतीसारखं नाही, गाजरगवतासारखं नाही, माहितीतल्या कशासारखंच नाही. भोवतीची माती ओली होती.

त्यांनी ईराला फोन केला. "मामा, तुला काही आवडलं का तिथे?" तिनं पहिलाच प्रश्न केला.

"मला बागेतलं काहीही आवडत नाही. तुला माहितीय."

"मातीत लाखो बिया आहेत, प्रत्येकीचं रूप थोडं वेगळं. यंत्र एकेक उगवू देतं आणि तुझ्या डोळ्यांना विचारतं. कशाला ना कशाला डोळे हो म्हणतातच. पान तपास."

त्यांनी पान तोडलं. तोडताना आतल्या बाजूचं, दिसणार नाही असं निवडलं. नळी जांभळी झाली.

रोप त्यांनी मुळासकट उपटलं. मग त्यांची नजर वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे तसंच दुसरं होतं. पलीकडे आणखी चार. आठवडाभर ते रोज या सगळ्यांना वळसे घालत होते. कुणाला तरी नावं ठेवावीत म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण नेमकी कुणाला ते सुचेना. खुरप्या त्यांच्या पायाशी येऊन उभा राहिला होता आणि वर, त्यांच्या डोळ्यांत पाहत होता.

मृणालबाईंनी फोन उचलला तो बोलतच. "बॅग भरून ठेवलीय. सकाळी सातला निघते. सूनबाईंनी डब्यात..."

"मृणाल, तू येऊ नकोस."

"उरलंय का काही?"

"तुझं नाही. तुझं सगळं गेलं." त्यांनी वाफ्याकडे पाहिलं. "हे माझं आहे."

मृणालबाईंचा श्वास फोनवर स्वच्छ ऐकू येत होता. कुठेही शिट्टी नव्हती. मग त्यांनी विचारलं, "कसं दिसतं रे?"

कसलं काय, तणासारखं तण, असं निनादरावांना सांगायचं होतं. ते हातातल्या रोपाकडे पाहत पायरीवर बसले आणि सांगू लागले. पानाच्या निळसर रंगाचंच सांगायला त्यांना चार मिनिटं लागली.