उजव्या मनगटाची हजेरी

"दादा, आपली आई रोज अकरा हजार पावलं चालते?"

योगिनीने लॅपटॉप ताटाशेजारीच ठेवला आणि ज्योतीरामचा घास हातातच राहिला... गुरुवार. चाकणच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी. चऱ्होलीच्या घरात दुपारचं जेवण. समोर त्यांची आई, कुसुमताई, भाकरीचे तुकडे ताटाभोवती ओळीने मांडत बसलेली.

पावलं: अकरा हजार दोनशे. विश्रांती: साडेदहा ते अकरा. पुन्हा पावलं, तीनपर्यंत.

"ही तुझ्या कँटीनची वेळ आहे. आईचा मनगटाचा पट्टा घालून तू शिफ्टला जातोस!"

तो उठला. बसला. पुन्हा उठला. कसं सांगायचं? धाकटी बहीण मेंदूच्या झिजेवर, हळूहळू सगळं विसरत जाणाऱ्या माणसांवर संशोधन करते. चाळीस घरांत तिने मनगटावरचे पट्टे दिलेत, चाल, झोप, हाताची हालचाल टिपणारे. आणि आईने मात्र आपला पट्टा पहिल्याच आठवड्यात तांदळाच्या डब्यात पुरला! घातला की काढायची, घातला की काढायची...

"तुझी हजेरी बुडत होती गं, योगे. आमच्यात एखाद्याला उशीर झाला तर दुसरा त्याचं कार्ड पंच करतो. मला वाटलं..."

"हे कंपनीचं कार्ड नाहीये! माझी तीन वर्षं मातीत घातलीस! एवढी साधी गोष्ट कळत नाही तुला?"

कळत नाही!

हे शब्द त्याच्या काळजात खोल रुतले. बाबा गेले तेव्हा तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि प्रेस मशीनपुढे उभा राहिला, तो एकोणीस वर्षं. तिच्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून त्याचीच सही... त्याने बाहीखाली पट्टा लपवलेला उजवा हात खिशात घातला.

योगिनी पडद्याकडे पाहत होती. अचानक थांबली.

उजवा हात. स्थिर असताना थरथर. चार महिने. वाढती.

"मला वाटलं होतं, ही आईची आहे..." तिने पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. "दादा, हात दाखव."

"मशीनवर असतो गं. हादरे बसतात."

"गुरुवारी मशीन बंद असतं. थरथर गुरुवारीही आहे."

तो भिंतीला टेकला. मार्चपासून ठाऊक होतं त्याला! नट निसटत होते, सुपरवायझरपासून लपवलं, घरी चहा डाव्या हाताने प्यायला. हात गेला तर नोकरी गेली. मग आईचं कोण, योगिनीचं कोण...

"दाखव ना रे!" ती ओरडली आणि रडूच लागली.

कुसुमताई उठली. सहा महिन्यांत तिने मुलाला नावाने हाक मारली नव्हती, "भाऊ, तुमी कुनाकडं आलाय?" असंच विचारायची. तिने त्याच्या खिशातून हात बाहेर ओढला, आपल्या दोन्ही तळव्यांत दाबून धरला.

"थंडी वाजतीया व्हय रं, ज्योती?"

ज्योती...! एकोणीस वर्षांत न ओघळलेलं पाणी त्याच्या डोळ्यांतून आईच्या हातांवर टपटपलं.

"दादा, मला माफ कर," योगिनी म्हणाली. "सोमवारी आपण डॉक्टरांकडे जातोय. मी निदान करत नाही, पण उशीर करणार नाही."

"आणि तुझं काम?"

"सरांना खरं सांगीन. आईची सगळी नोंद रद्द. वर्षभर मागे पडेन, पडू दे!"

"योगे, माझ्यापायी..."

"गप्प बस. आजवर तू बोललास का कधी?"

तिने पिशवीतून आपल्या संशोधनाचा कोरा अर्ज काढला.

सहभागी: ज्योतीराम. वय: एकोणचाळीस.

सही करताना पेन त्याच्या बोटांत थरथरलं. आईने हात सोडला नव्हता, त्यामुळे अक्षरं दोघांची आल्यासारखी उमटली.

खाली एक रकाना रिकामा राहिला. जबाबदार नातेवाईक. सवयीने त्याने तिथेही पेन टेकवलं...

"तिथे नाही, दादा," म्हणत योगिनीने पेन काढून घेतलं आणि आपलं नाव लिहिलं.