उसनं कातडं

मालुतीच्या डोंगरातली वाट बर्फाने बंद होऊन आठ दिवस झाले होते. तिकडे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. रोज सकाळी सेलो दगडी मेंढवाड्यात जायचा, मेंढ्यांच्या पाठीवरचा बर्फ झाडायचा, वैरण टाकायचा आणि रात्रीतून गारठून मेलेली मेंढरं उचलून बाहेर ठेवायचा. बारा वर्षं खाणीत काढलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो सरळ उठून चिलीम भरायला जाई.

त्या दिवशी एका मेंढीचं पांढरं कोकरू मेलं आणि एका काळ्या तोंडाच्या कोकराची आई मेली. अशा वेळी काय करायचं ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सेलोने मेलेलं कोकरू सोललं, त्याचं कातडं पोरक्या पिलाच्या अंगावर चढवून दोऱ्याने बांधलं आणि सोललेला देह कुंपणाबाहेर दगडांखाली ठेवला. मेंढीने कातडं हुंगलं आणि पिलाला पाजायला घेतलं.

दारातून त्याची बायको बघत होती. मा-काबेलो, म्हणजे काबेलोची आई. काबेलो डाव्या पायाला सहा बोटं घेऊन जन्मला, तेव्हा ‘हा डोंगर बरा चढेल’ म्हणून सगळे हसले होते. मागल्या महिन्यात तो अंगावर पिता असतानाच गेला. आईबापाला त्याचं नाव तेवढं चिकटून राहिलं. आता तिच्या मांडीवर मेलेल्या बहिणीची तान्ही नालेली होती. पण पान्हा फुटत नव्हता. मक्याच्या पातळ पेजेवर पोर किती दिवस तग धरणार?

“रा-काबेलो,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुमची मेंढी फसते. मग मी काय तिच्याहून शहाणी?”

तिने काबेलोचं ब्लँकेट काढलं आणि नालेलीला त्यात गुंडाळलं. त्या संध्याकाळी पोर चुटूचुटू प्यायली. सेलोला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोकराचं काळं तोंड करडं दिसलं. दंव असेल म्हणून त्याने ते बाहीने पुसलं. तिसऱ्या दिवशी ते पांढरंफटक होतं.

मेंढीला पिलाची सवय झाली की उसनं कातडं काढायचं असतं. सेलोने दोरा कापला. कातडं सुटेना. कड शोधत त्याने चाकूचं टोक लावलं, तर कोकरू कळवळून ओरडलं आणि पात्याला ऊन रक्त लागलं.

कड नव्हतीच.

तो कुंपणाबाहेर गेला. तिथल्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्याने दगड बाजूला केले.

खाली काळ्या तोंडाचं कोकरू होतं. अंगावर सगळी लोकर शाबूत. गोठून लाकूड झालेलं.

तो तसाच घरात धावला. मा-काबेलो शेकोटीशी बसून पाजत होती.

“ब्लँकेट काढ.”

“गारठेल की.”

“काढ म्हणतो ना. नालेलीला बघू दे मला.”

तिने मान वर केली नाही. “थांबा हो जरा. आज कुठं पोटभर पितोय.”

ब्लँकेटातून डावा पाय निसटला. उबेने सहाही बोटं हलत होती.

बाहेर, मेंढवाड्यापलीकडे, काबेलोच्या थडग्यावरच्या बर्फाला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.